जुन्या हेअर ट्रान्सप्लांटचं आता करायचं काय?

ऐंशी-नव्वदच्या दशकात मुंबईत नोकरीला असताना ज्यांनी टकलावर केस लावून घेतले, त्यांतले बरेच जण आता निवृत्त होऊन गावी आले आहेत. कुणी कणकवलीत फ्लॅट घेतलाय, कुणी देवगडला कलमं सांभाळतोय, कुणी वेंगुर्ल्याचं वडिलोपार्जित घर दुरुस्त करून राहतोय. त्या वेळी लावलेले केस मात्र अजून जिथल्या तिथे आहेत. कपाळाच्या वर एका ओळीत उभे पुंजके, दोन पुंजक्यांमध्ये चकचकीत कातडी आणि मागे मानेच्या वर एक लांब वण. सिंधुदुर्गात त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना ही माणसं मला भेटतात. येतात ती नायट्यासाठी नाहीतर पायाच्या भेगांसाठी. औषधाची चिठ्ठी हातात पडली की मग हळूच टोपी काढतात आणि विचारतात, "डॉक्टरांनू, ह्या सगळा काढून टाकूक येतला काय?"

येतं, बऱ्याच अंशी येतं. पण कसं, किती आणि कशाच्या बदल्यात, हे ओपीडीच्या गर्दीत उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

मुद्द्याची गोष्ट आधी सांगते. बिघडलेलं ट्रान्सप्लांट सुधारायचं म्हणजे त्यात आणखी केस भरायचे, असा बहुतेकांचा समज असतो आणि जाहिराती त्याला खतपाणी घालतात. प्रत्यक्षात अनेकदा नको असलेलं आधी काढावं लागतं. मग उरलेलं झाकायचं. नवे केस लावायची वेळ आलीच, तर ते मोजके आणि अगदी योग्य जागी. डोक्यामागचा केसांचा साठा माणसाला एकदाच मिळतो, आणि जुन्या ऑपरेशनने त्यातला बराच आधीच खर्च केलेला असतो.

हे असं झालं कसं

कितीही टक्कल पडलं तरी कानांच्या मागे आणि मानेच्या वर केसांचा एक पट्टा राहतोच. टक्कल पाडणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला तिथली मुळं फारशी दाद देत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये या पट्ट्यातले केस कातडीसकट काढून टकलावर बसवले. ते तिथे रुजले आणि टिकले. १९५९ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्येच अशा रोपणाबद्दल लिहिलं होतं, पण पुढे महायुद्ध आलं आणि ते बाहेरच्या जगाला कळायला बराच काळ गेला. नव्या जागी लावलेला केस जुन्या जागेचा गुण घेऊन येतो, हे या सगळ्यामागचं तत्त्व. ट्रान्सप्लांट टिकतं ते त्याच्यामुळे, आणि बिघडलेलं ट्रान्सप्लांट आपोआप निघून जात नाही तेही त्याच्याचमुळे.

त्या काळी केस काढायला गोल पात्याचा पंच वापरायचे, व्यास साधारण ४ मिलिमीटर. अशा एका तुकड्यात दहा-वीस केस सहज असत. निसर्गात डोक्यावरचे केस एक, दोन, तीन, फार तर चारच्या गटाने उगवतात, आणि कपाळाच्या अगदी कडेला तर एकेकटेच. भाताच्या लावणीत एका चुडात दोन-तीन रोपं लावायची सोडून कुणी तरव्याची अख्खी मूठ एका जागी खोचावी आणि पुढची मूठ वीतभर लांब, तसं ते डोकं दिसायचं. त्यात भर म्हणजे गोल तुकडा भरून येताना भोवतीचा व्रण आकसतो, त्यामुळे आतले केस आणखी दाटीने एकवटतात. काही तुकड्यांत मधल्या मुळांपर्यंत सुरुवातीच्या दिवसांत प्राणवायू पोचत नाही, ती मरतात आणि नुसतं कडेचं केसांचं कडं उरतं. काही ठिकाणी तुकडा भोवतालच्या कातडीपेक्षा वर बसतो आणि तिथे कायमचा उंचवटा होतो. काही ठिकाणी आत बसतो आणि खळगा पडतो. शिवाय खरा केस कपाळाकडे झुकून, कातडीला जवळजवळ टेकत बाहेर येतो. हे सरळ उभे लावलेले.

तरीही, ऑपरेशन झालं तेव्हा ते इतकं वाईट दिसत नव्हतं. पेशंट जुने फोटो दाखवतात, त्यांत खरोखरच बरं दिसतं. तिशीच्या माणसाच्या डोक्यावर स्वतःचेही बरेच केस होते आणि पुंजके त्यांत मिसळून जात. पण टक्कल पडणं ऑपरेशनने थांबत नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत स्वतःचे केस गेले, लावलेले राहिले. समोर केसांचं बेट आणि मागे ओसाड माळ अशी गत झाली. वयानुसार मागचा पट्टाही विरळ होतो, त्यामुळे इतकी वर्षं झाकलेला वण उघडा पडतो. म्हणून साठीला आलेला माणूस "आता अचानक का दिसायला लागलं?" असं विचारतो, तेव्हा तो बरोबरच बोलत असतो. ते खरंच आता दिसायला लागलेलं असतं.

पुढची तंत्रं थोडक्यात. ऐंशीच्या दशकात तुकडे लहान झाले. १९८४ मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी केसांच्या नैसर्गिक गटाचं, म्हणजे फॉलिक्युलर युनिटचं वर्णन केलं. १९८८ पासून टेक्सासमधले बॉबी लिमर मागच्या बाजूची कातडीची पट्टी काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे एकेक गट वेगळे करून लावू लागले. हे एफयूटी, यात मागे एक लांब रेघ उरते. पट्टी न काढता एकेक गट एक मिलिमीटरच्या आसपासच्या पंचने उचलायची पद्धत, एफयूई, २००२ नंतर फोफावली. ‘बिनव्रणाची’ अशी तिची जाहिरात होते, पण व्रण तिलाही असतात: शेकडो-हजारो पांढुरके ठिपके. मागचे केस प्रमाणाबाहेर उचलले, तर सगळा मागचा भागच कसर लागल्यासारखा दिसतो. जुने पुंजकेवाले काका आता कमी होत जातील. पण एफयूईने मागचा साठा रिकामा करून बसलेले पस्तिशीचे तरुण वाढतायत, आणि त्यांची दुरुस्ती कधीकधी काकांपेक्षा अवघड असते.

टकलाचा आकार लहान करण्यासाठी माथ्यावरची कातडीच कापून दोन्ही बाजू शिवण्याचं ऑपरेशनही त्या काळात चालायचं. त्याचा वण डोक्याच्या मधोमध येतो आणि दोन्हीकडचे केस विरुद्ध दिशांना पडतात. असे पेशंट आता क्वचित दिसतात. त्यांनी थेट अनुभवी प्लास्टिक सर्जनकडे जावं, ते लहानसहान उपायांचं काम नाही.

दहाव्याचं क्षौर

शहरातले डॉक्टर या गोष्टीबद्दल सहसा विचारत नाहीत, म्हणून ती इथे लिहिते. कोकणात ही माणसं वर्षानुवर्षं टोपी, फणी आणि लांब केसांवर निभावून नेतात. मग एक दिवस वडील जातात नाहीतर आई जाते. दहाव्या दिवशी नदीवर किंवा तळीवर भावकीसमोर बसून डोकं भादरायचं असतं. ज्या गोष्टीचा घरातही कधी उच्चार झाला नाही, ती अख्ख्या वाडीला दिसणार असते. वडील अंथरुणाला खिळलेले असताना मुलगा माझ्याकडे येतो आणि खालच्या आवाजात हे विचारतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल ते मला कळतं. ती भीती क्षुल्लक समजू नये.

अशांना मी काही गोष्टी सांगते. क्षौराने लावलेले केस मरत नाहीत; मुळं खोल असतात, वस्तरा वरून जातो, आणि महिन्या-दीड महिन्यात केस परत वाढलेले दिसतात. धोका आहे तो उंचवट्यांना. कातडी जिथे वर आलेली आहे तिथे वस्तऱ्याने हमखास कापतं, रक्त येतं आणि नदीकाठी ते चिघळायलाही वेळ लागत नाही. म्हणून वस्तऱ्याऐवजी मशीनने, बिनगार्डची धार लावून केस उतरवावेत. घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि भटजींशी आधी बोललं तर हे चालवून घेतात, असा माझा अनुभव आहे. नाभिकाला आदल्या दिवशीच गाठून, डोकं दाखवून ठेवावं. तो रोज डोकी हाताळतो, त्याने असे वण आधी पाहिलेले असतात, आणि माहीत असलं की त्याचा हात जपून चालतो. कापलंच तर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं करावं आणि अँटिबायोटिक मलम लावावं. राख नको, हळद नको. तिरुपतीला केस देणाऱ्यांनाही हेच लागू.

क्षौर होऊन गेल्यावर काहींचं मन मोकळं होतं हेही मी पाहिलंय. लोकांनी बघितलं, दोन दिवस कुजबुज झाली, विषय संपला. मग केस बारीकच ठेवायचे आणि फक्त वणांकडे बघायचं, असं ते ठरवतात. हा निर्णय अगदी योग्य असू शकतो.

आधी नीट बघायचं

उपाय ठरवण्याआधी मी पेशंटला बेसिनवर डोकं धुवायला सांगते. ओले केस, वरून सरळ पडणारा पांढरा दिवा, आणि हातात डर्मोस्कोप म्हणजे दिवा बसवलेलं भिंग. केस ओले झाले की सगळी सजावट उतरते. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं डोकं मला आठवतं. कोरडे असताना केस पुढे घेऊन त्यांनी सगळं व्यवस्थित झाकलं होतं. ओले केल्यावर पुढच्या ओळीतले पुंजके एकेक वेगळे दिसले, आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाभोवती फिकट पांढरी गोल कड होती. काही पुंजक्यांत चौदा-पंधरा केस होते, काहींत नुसते दोन. दोनवाल्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. डोक्यावर वीस पुंजके असले तरी खटकणारे पाच-सहाच असतात, आणि तेवढे बदलले की चेहरा बदलतो.

भिंगाने आणखी एक गोष्ट तपासायची असते: कातडी शांत आहे का. मुळांभोवती लाली, खवले, जळजळ, नव्याने सरकत चाललेलं टक्कल असं काही असेल तर तो लायकेन प्लॅनोपायलॅरिससारखा व्रण करणारा आजार असू शकतो. ट्रान्सप्लांट झालेल्या डोक्यातही तो उद्भवतो. अशा वेळी आधी बायोप्सी, मग औषधं, आणि आजार पूर्ण थंडावून बराच काळ गेल्याखेरीज कातडीला पंच लावायचा नाही. वारंवार पू होणारे फोड, दुखणारी किंवा वाढत जाणारी कडक गाठ, हेही सौंदर्याचे प्रश्न नव्हेत. त्यांचा इलाज आधी.

मग साठ्याचा हिशोब. मागे किती केस उरलेत, कातडी किती सैल आहे, दाढीचे केस कसे आहेत. माणसागणिक फरक पडतो, पण आयुष्यभरात मागून सुरक्षितपणे काढता येणारे गट काही हजारांतच असतात. असा काढून लावायचा एकेक गट म्हणजे ग्राफ्ट. कोणी तुम्हाला डोकं न पाहता फोनवर ‘पाच हजार ग्राफ्ट’ सांगत असेल, तर फोन ठेवून द्या.

नको ते काढणं

पुंजक्यांवरचा मला सगळ्यात पटणारा उपाय म्हणजे ते पंचने काढून, सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून, त्यातले एक-दोन केसांचे गट पुन्हा वापरणं. यात दोन कामं साधतात. पुंजका विरळ होतो आणि वाया गेलेला साठा परत हातात येतो. पूर्ण पुंजका एकदम काढत नाहीत. पुंजक्यापेक्षा जरा लहान पंचने त्याचा मोठा भाग काढून थोडे केस मागे ठेवतात, म्हणजे उरलेले जरा नैसर्गिक वाटतात. काढलेली जागा टाका घालून किंवा तशीच भरून येते आणि तिथली फुगलेली, रंग बदललेली कातडीही थोडी सपाट होते. हे एका बैठकीत होत नाही. मध्ये काही महिने जाऊ द्यावे लागतात, कारण व्रण पिकून मऊ होईपर्यंत पुढचं काय करायचं ते कळत नाही.

पुंजक्यांच्या पुढे एकेका केसाची विरळ, वेडीवाकडी ओळ लावून त्यांना झाकणं हा दुसरा मार्ग. हेअरलाइन, म्हणजे कपाळावरची केसांची कड, आधीच पुरेशी वर असेल तरच तो चालतो. अनेकांची मुळातच कपाळावर फार खाली आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ बसवलेली असते. तिच्यापुढे अजून केस लावले, तर साठीच्या चेहऱ्यावर विशीचं कपाळ येतं. अशांनी खालची ओळ काढूनच टाकावी.

त्यासाठी लेझर असतं. कोकणी माणसाच्या सावळ्या कातडीवर १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित. चुकीच्या लेझरने कातडी भाजून काळे-पांढरे डाग राहतात आणि एका वणाचे दोन होतात. पण लेझर केसातल्या काळ्या रंगाला पकडतं. साठीत निम्मे केस पांढरे झालेले असतात आणि त्यांच्यावर ते चालत नाही. पांढऱ्या केसांना इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका मुळात सुई घालून विजेने ते नष्ट करणं. वेळखाऊ आहे, पण होतं. म्हणून लेझर करायचंच असेल, तर केस काळे आहेत तोवर करावं. केस गेले तरी पुंजक्याचा उंचवटा मात्र लेझरने जात नाही, हे आधीच लक्षात घ्यावं. आणि साठा कमी असेल तर लेझरने केस जाळण्यापेक्षा ते काढून दुसरीकडे लावणं शहाणपणाचं.

मागचा वण

पट्टी काढलेल्या जागचा वण चांगला भरला तर एक-दोन मिलिमीटरची रेघ असते. ताण पडला, टाके घाईत काढले, किंवा दोन-तीनदा पट्ट्या काढल्या, तर तो बोटाएवढा रुंद होतो. पहिला उपाय फुकटातला आहे: वरचे केस इतके लांब ठेवायचे की ते वणावर पडतील. सलूनमध्ये जाऊन ‘मागे एक नंबर मारा’ म्हणायचं नाही. बाजू आणि मागचा भाग कातरीने कापून घ्यायचा. किती लांबीला वण दिसेनासा होतो हे एकदा हळूहळू कापून पाहायचं आणि तो आकडा लक्षात ठेवायचा.

वण कापून पुन्हा शिवता येतो, पण कातडी सैल असेल तरच. नाहीतर तो वर्षभरात पुन्हा ताणला जातो. शिवताना कातडीच्या एका कडेची वरची साय काढून केस वणातून उगवू देण्याची युक्ती आहे, तिने रेघ बरीच पुसट होते. वणातच थोडे केस लावणं हाही उपाय आहे. व्रणाच्या कातडीत रक्तपुरवठा कमी असल्याने तिथे सगळे केस धरत नाहीत. आधी थोडेसेच लावून वर्षभर थांबायचं, धरले तर पुढचे. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी परत उगवू लागतात आणि खरा निकाल वर्षाने कळतो. तेवढा धीर नसेल, तर दुरुस्तीच्या वाटेला जाऊ नये. मागे साठा नसेल तर जबड्याखालच्या दाढीचे केस वापरतात. ते जाड असल्याने वणात छान भरतात, पण कपाळाच्या कडेला राठ दिसतात, तिथे लावू नयेत.

वण फुगलेला, खाजणारा, लालसर असेल तर तो वेगळा प्रकार. सावळ्या कातडीत कीलॉइडची, म्हणजे जखमेबाहेर पसरत वाढणाऱ्या वणाची, शक्यता जास्त असते. तो कापला तर दुप्पट होऊन परत येऊ शकतो. आधी त्यात ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, सिलिकॉन जेल, आणि थांबणं. छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीला कीलॉइड झालेला असेल तर कुठल्याही केसांच्या डॉक्टरला हे पहिल्या वाक्यात सांगा.

रंगाने झाकणं

कातडीच्या वरच्या थरात बारीक सुईने रंगाचे ठिपके देऊन कापलेल्या केसांचा भास निर्माण करतात, त्याला स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन म्हणतात. मागचा वण आणि एफयूईचे ठिपके यांसाठी हे मला आवडतं, कारण साठ्यातला एकही केस खर्च होत नाही. गोंदण्यापेक्षा हे उथळ असतं. सुई खोल गेली की रंग पसरतो आणि निळसर दिसू लागतो, म्हणून साधं गोंदण करणाऱ्याकडून करून घेऊ नये. व्रणात रंग कसा बसेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून आधी नाण्याएवढ्या जागेवर करून, महिना-दोन महिने पाहून मग पुढचं. काही वर्षांनी ते फिकं पडतं, परत करावं लागतं. आणि केस पांढरे होत असतील तर गडद काळा रंग अजिबात नको.

केसांवर भुरभुरायची केराटिनची पूड बऱ्याच जणांना माहीत असते. मुंबईच्या वातानुकूलित ऑफिसात ती दिवसभर टिकते, आपल्याकडे मे महिन्यात बसस्टॉपपर्यंतही टिकत नाही. घाम, दमट हवा आणि वर हेल्मेट. ती ओघळून शर्टाच्या कॉलरवर येते. डिसेंबर-जानेवारीत, एखाद्या लग्नाच्या संध्याकाळपुरती वापरायला हरकत नाही. चिकटवायच्या हेअर पॅचचंही तसंच. पावसाळ्यातले चार महिने, तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात, गोंदाखालची कातडी कोरडी राहत नाही. त्याखाली नायटा आणि फोड झालेले मी दर श्रावणात पाहते. पॅच लावायचाच असेल तर क्लिपचा घ्यावा आणि घरी आल्यावर काढून ठेवावा.

टोपीबद्दलही तेच. सुती, सैल, रोज धुतलेली टोपी उत्तम. उन्हाने वणांचा रंग गडद होतो, म्हणून मासेमारीला किंवा बागेत जाणाऱ्यांनी टोपी घालावीच. मात्र घट्ट, सिंथेटिक, ओली टोपी दिवसभर डोक्यावर ठेवली की जुन्या पुंजक्यांच्या मुळांशी पुळ्या येतात. समुद्राच्या पाण्याने जुन्या ट्रान्सप्लांटला काहीही होत नाही. मालवणात जन्म काढून वीस वर्षं समुद्रात न उतरलेला माणूस मला भेटलाय, केस ओले झाल्यावर कुणी पाहील म्हणून. त्यांना मी आवर्जून सांगितलं की वैद्यकीय कारण काहीही नाही.

गोळ्या-औषधं

लावलेल्या केसांना औषध लागत नाही. मध्ये उरलेल्या स्वतःच्या केसांना लागतं. ते टिकले तर पुंजके कमी उठून दिसतात. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं असतं. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत १९९७ मध्ये टकलासाठी मान्यता मिळाली. ती डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन कमी करते. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात, तसं झालं तर डॉक्टरांना लगेच सांगावं. वयस्कांसाठी महत्त्वाचं: या गोळीने प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा सुमारे निम्मा दिसतो. तपासणी करणाऱ्याला गोळीबद्दल सांगितलं नाही, तर कॅन्सरची पहिली खूण नजरेतून सुटू शकते.

कुणाकडे जायचं

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हेअर ट्रान्सप्लांट प्रशिक्षित डॉक्टरनेच करावं, आणि यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. विचारायचे प्रश्न साधे आहेत. सुया, पंच, टाके कोण हाताळणार, तुम्ही की तंत्रज्ञ? पुंजके काढण्याचं काम तुम्ही किती केलंय? त्या पेशंटचे ओल्या केसांचे आणि मागून कापलेल्या केसांचे फोटो आहेत का? नवं ट्रान्सप्लांट सुंदर करणारा प्रत्येक जण दुरुस्ती करतोच असं नाही. दुरुस्तीचे सर्जन मुंबई-पुण्यातच जास्त, पण निदान, इंजेक्शनं, औषधं, बायोप्सी हे सगळं इथेच होतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चिपळूणकरांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ आहे, आणि सावंतवाडी-दोडामार्गची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातातच. तिथल्या त्वचाविभागात आधी दाखवा, मग मुंबईचं तिकीट काढा. ऑपरेशन झाल्यावर निदान दोन-तीन दिवस तिकडे राहून, आरक्षित डब्यातून या. गणपतीच्या गर्दीच्या आठवड्यात तारीख घेऊ नका. डोक्याला धक्का लागला तर नवे ग्राफ्ट निसटतात.

जुन्या डॉक्टरवर दावा करता येईल का, असंही विचारतात. ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते, आणि डॉक्टरने कागदपत्रं तीन वर्षं जपावीत असा नियम आहे. तीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनबाबत त्या वाटेने फारसं काही हाती लागत नाही. नुकतंच केलेलं बिघडलं असेल तर मात्र आजच लेखी अर्ज देऊन कागद मागा. नियमाप्रमाणे ते ७२ तासांत मिळायला हवेत. त्यात किती ग्राफ्ट काढले आणि कुठून काढले हे लिहिलेलं असतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

जुन्या पेशंटकडे असे कागद नसतात. त्यांनी ऑपरेशनच्या आधीचा एखादा फोटो शोधून आणावा, लग्नाचा असला तरी चालेल. मूळ कपाळ कुठे होतं, ते त्यात दिसतं. येताना केस धुऊन या, तेल नको, पूड नको. आणि घरातलं एक माणूस सोबत आणा, कारण वणाचा मागून काढलेला फोटो बघताना पेशंट सगळं ऐकतोच असं नाही. बहुतेक वेळा बायकोच येते, आणि तिला हे सगळं कधीपासूनच माहीत असतं.